जुनी घरं समजून घ्यायला लोककथा आणि तिथे राहिलेल्यांचे अनुभव खरंच उपयोगी पडतात का?

तुमच्या प्रश्नाचा रोख कळला. घराची मोजमापं घेतली, नकाशा काढला, दगड-लाकूड तपासलं, मग चेटकिणींच्या गोष्टी आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी हव्यात कशाला? मी जुन्या घरांचे नकाशे काढण्याचंच काम करतो, तेव्हा खरं तर टेपची बाजू घ्यायला हवी. पण घर कसं उभं आहे एवढंच नकाशा सांगतो. त्यात कोण कुठे वावरायचं, कोणाला कुठे मज्जाव होता, यावर तो गप्प असतो.

फक्त लोककथा आणि अनुभव यांना एका पारड्यात टाकू नका.

लोककथेकडे घराच्या उगमाचा पुरावा मागितलात तर बऱ्याचदा फसाल. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या जुन्या शेतघरांना छपराखालच्या त्रिकोणी भिंतीत एखादी खिडकी चक्क तिरकी बसवलेली दिसते. लोक तिला चेटकिणीची खिडकी म्हणतात. झाडूवर बसून येणाऱ्या चेटकिणीला म्हणे तिरक्या खिडकीतून आत शिरता येत नाही. भिंत नीट पाहिली की वेगळाच उलगडा होतो. मूळ घराला नंतर एक खोली जोडली, तिचं छप्पर या भिंतीला येऊन भिडलं आणि वर दोन उतारांच्या मध्ये एक अरुंद पट्टी उरली. त्या पट्टीत नेहमीच्या मापाची खिडकी उभी मावत नाही, उताराला समांतर कलती केली की मावते. खास मापाची नवी खिडकी करवून घेण्याचा खर्च वाचला. चेटकीण बहुधा मागाहून आली असावी.

म्हणून गोष्टी टाकून द्यायच्या असं मात्र नाही. इटलीच्या पुलिया भागातलं आल्बेरोबेल्लो घ्या. तिथली शंकूच्या आकाराची दगडी छपरं पर्यटकांच्या फोटोंमुळे सगळ्यांच्या ओळखीची झाली आहेत. ती चुना न लावता नुसते दगड एकावर एक रचून केलेली. सांगतात ते असं : नवी वस्ती वसवली की नेपल्सच्या राजाला कर द्यावा लागे. तो चुकवण्यासाठी कोन्व्हेर्सानोच्या सरंजामदारांनी रयतेला हुकूम सोडला, की घरं अशी बांधा की तपासनीस येतोय म्हटल्यावर झटपट उतरवता येतील. आता, बांधणीचं तंत्र काही या हुकुमातून जन्मलं नाही. त्या मुलखात चुनखडीच्या चपट्या फरश्या सहज निघतात आणि शेतांमध्ये तसल्याच दगडी खोपी बांधायची रीत होती. पण १७९७ साली राजाने हे गाव सरंजामदारांच्या अमलातून मोकळं केलं, ही इतिहासातली नोंद आहे. तिच्या शेजारी ही गोष्ट ठेवली की तिचा विषय दगड नसून सत्ता आहे, हे ध्यानात येतं. वरून निरोप आला की स्वतःच्या डोक्यावरचं छप्पर स्वतःच उतरवायचं, या धास्तीत राहिलेल्यांनी ती जपली आहे. भिंतीचा छेद काढून हे कळायचं नाही.

शिवाय नकाशात बांधलेलं तेवढंच येतं, मुद्दाम न बांधलेलं येत नाही. आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत घर पश्चिमेकडे वाढवणं अशुभ मानत. परीलोकांच्या वाटेवर घर येऊ नये म्हणून बांधकामाआधी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, आणि सकाळी ते हललेले दिसले तर जागा बदलायची, अशीही रीत होती. ही समजूत ठाऊक नसेल तर घरं एकाच बाजूला का वाढलेली दिसतात, याचा विचार करत डोकं खाजवत बसाल. प्रत्येक रूढीमागे विज्ञान शोधायची आपल्याला भारी हौस, त्यामुळे ‘तिकडून वारा-पाऊस येतो ना!’ हे उत्तर लगेच सुचतं. वारा तिकडून येतो हे खरंच. पण तेवढ्यावर थांबलं तर परीलोकांच्या वाटेचं काय करायचं? माणसांनी आधी कोणाच्या तरी जागेचा मान राखला आणि मग भिंत घातली, हेही त्या घराच्या रचनेचं कारणच आहे. अशा समजुती आज वाचायला मिळतात, कारण १९३७ ते १९३९ या काळात तिथल्या शाळकरी मुलांनी घरच्या-शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारून त्या वह्यांमध्ये उतरवून घेतल्या.

त्याच देशात काही जुन्या घरांच्या फरशीखाली घोड्याच्या कवट्या सापडल्या. काही अभ्यासक म्हणतात, ही पायाभरणीच्या बळीची खूण. घरातली माणसं सांगत, नाचताना पावलांचा ठेका घुमावा म्हणून पुरल्या होत्या. वादाचा निकाल काहीही लागो, त्या फरशीवर माणसं नाचायला जमत, हे तर आपल्या हाती आलं!

हा झाला राहणाऱ्यांचा अनुभव, आणि माझ्या मते खरं सोनं इथे आहे. जपानमध्ये शिराकावा-गोची उंच, उतरत्या गवती छपरांची घरं पाहून कोणीही सांगेल, बर्फ घसरून पडावं म्हणून इतका उतार. पण त्या छपराला आतून चुलीचा धूर लागतो. धुराने गवत कोरडं राहतं, कीड लागत नाही, बांधलेले दोर टिकतात. कावासाकीच्या जुन्या घरांच्या खुल्या संग्रहालयात म्हणून तर आजही चुली पेटवतात. छपराच्या देखभालीत रोजचा स्वयंपाकही मोडतो, हे चूल पेटवणाऱ्यालाच माहीत असतं.

माझ्याच कामातलं एक सांगतो. एका घरात आतल्या खांबाची एक बाजू जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर अगदी गुळगुळीत झाली होती. मी कागदावर ‘झीज’ असं लिहून पुढे सरकलो. त्या घरातल्या आजी म्हणाल्या, “सासूबाई दिवसभर तिथेच पाठ टेकून असायच्या.” मी तिथे बसून पाहिलं. बाहेरचं दार आणि चूल, दोन्ही एकदम नजरेत येत होती. कोण आलं, कोण गेलं, दुधाचं पातेलं कोणी उघडलं, सगळं. तोवर मी त्या घराचं मध्य अंगणात शोधत होतो.

आठवणींनाही चाळणी लावावी लागते. अल्जीरियातल्या काबिल लोकांच्या घराचं पिएर बुर्द्यू या समाजशास्त्रज्ञाने केलेलं वर्णन फार गाजलं : उजेडाची बाजू, अंधाराची बाजू, दारासमोरच्या भिंतीशी माग, सगळं कसं जिथल्या तिथे. पण हे काम स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीतलं. फ्रेंच सैन्याने गावंच्या गावं उठवली होती, आणि सांगणाऱ्यांत घर सुटलेली माणसंही होती, असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं. सुटलेलं घर आठवणीत जरा जास्तच नीटनेटकं होतं. म्हणून ऐकलेलं भिंतीवरच्या काजळीशी, उंबऱ्याच्या झिजेशी ताडून बघायचं, आणि कोणी, कधी, कोणासमोर सांगितलं तेही टिपून ठेवायचं.

तुम्ही स्वतः कोणाशी बोलणार असाल तर ‘हे असं का बांधलंय?’ असं विचारू नका, ऐकीव उत्तर मिळेल. पाहुणा रात्री उशिरा आला तर कुठे झोपायचा, आजारी माणसाचं अंथरूण कुठे घालायचे, दिवा कुठे असायचा, कोणत्या दाराने कोण यायचं, हे विचारा. आणि जमलं तर घरातल्या बायकांशी वेगळं बोला. चारचौघांत बहुतेक वेळा घरातला कर्ता पुरुषच उत्तरं देतो, आणि कोनाड्यात काय ठेवायचे हे त्याला माहीत नसतं.