बेसमेंटच्या खड्ड्यातला पंप: आधी करंट बघा, हॉर्सपॉवर नंतर

तुमचा प्रश्न असा: पार्किंगच्या बेसमेंटमध्ये दोन बाय दोन फुटांचा, तीन फूट खोल खड्डा आहे, रॅम्पवरून पावसाचं पाणी त्यात येतं, जुना पंप गेला, आणि प्लंबर २ एचपीचा ओपनवेल टाका म्हणतोय. शेवटी जाता जाता लिहिलंय की गेल्या पावसाळ्यात खड्ड्यावरच्या जाळीला हात लागला तेव्हा वॉचमनच्या हाताला झिणझिण्या आल्या, आणि पंपाचा प्लग टू-पिन होता. माझ्या दृष्टीने खरा प्रश्न हाच आहे.

मी मोटार रिवाइंडिंगच्या धंद्यात आहे, सोसायट्यांचे असले पंप पावसाळाभर दुकानात येतात. टू-पिन म्हणजे केबलमधली अर्थिंगची हिरवी वायर कोणीतरी कापून टाकलीय. सील गेलं, पाणी मोटारीत शिरलं, करंट बॉडीत उतरला आणि त्याला जमिनीत जायला रस्ता नव्हता. मग तो पाण्यातून, जाळीतून, वॉचमनमधून गेला. थोडक्यात निभावलं. २५ जुलै २०२४ला पुण्यात पुलाच्या वाडीत पाण्यातून हातगाडी हलवताना तिघे विजेच्या धक्क्याने गेले, ते आठवा.

‘एमसीबी आहे ना’ असं वायरमन म्हणेल. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नाही. तुम्हाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच हवा, आणि तो फक्त पंपाच्या लाइनवर, स्वतंत्र. पार्किंगच्या दिव्यांबरोबर जोडला तर कुठल्या तरी ओल्या होल्डरमुळे ऐन पावसात पंप बंद पडेल, आणि मग वैतागून कोणीतरी आरसीसीबीच बायपास करेल. हे मी वारंवार बघतो. सोबत अर्थिंग हवंच. आरसीसीबी अर्थिंगशिवायही ट्रिप होतो, पण तेव्हा गळती कोणाच्या तरी अंगातून व्हावी लागते. अर्थिंग चांगलं असेल तर कोणी हात लावायच्या आधीच तो पडतो. अर्थिंगचा खड्डा नुसता आहे यावर समाधान मानू नका, वायरमनकडून मोजून घ्या. बोर्ड आणि स्टार्टर बेसमेंटच्या भिंतीवर नको, वर मीटर रूममध्ये घ्या. पाणी भरलं की खालच्या बोर्डापर्यंत जायचं कसं?

केबलला पाण्याखाली जोड नको. कितीही टेप गुंडाळली तरी नको. केबल कमी पडत असेल तर लांब केबलचा पंप घ्या, नाहीतर पाणी कधीच पोचणार नाही इतक्या उंचीवर जंक्शन बॉक्समध्ये जोड द्या.

आता पंप. ओपनवेल हा विहिरीच्या, टाकीच्या स्वच्छ पाण्याचा पंप. तो पूर्ण बुडालेला लागतो. रॅम्पवरून येतं ते माती, पालापाचोळा आणि गुटख्याच्या पुड्या घेऊन. असे पंप खोलले की इंपेलरच्या (पाणी फेकणाऱ्या चक्राच्या) शाफ्टला गोणीची सुतळी आणि केसांचा गुंता घट्ट आवळलेला निघतो, मागचं ऑइल दुधाळ झालेलं असतं. ऑइल दुधाळ म्हणजे सील गेलं, पाणी वाइंडिंगच्या दारात आलं. तेव्हा ड्रेनेज किंवा डीवॉटरिंग प्रकारचा, गाळ चालणारा, फ्लोट (पाण्याबरोबर वर-खाली होऊन पंप चालू-बंद करणारा तरंगता स्विच) असलेला पंप घ्या. बोअरचा सबमर्सिबल तर कोणी फुकट दिला तरी नको. त्याची मोटार बाजूने वाहणाऱ्या पाण्यावर थंड होते, उघड्या खड्ड्यात ते होत नाही.

२ एचपी कशाला, हे कळत नाही. हिशोब करा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. रॅम्प समजा ७२ चौरस मीटर, पाऊस तासाला ६० मिलिमीटर, म्हणजे मिनिटाला ७२ लिटर. मिनिटाला २०० लिटर काढणारा पंप तुम्हाला भरपूर झाला. फक्त तो आकडा तुमच्या हेडला, म्हणजे पाणी जितकं उंच चढवायचं त्या उंचीला बघा. पाटीवरचा मॅक्स डिस्चार्ज, म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त पाणी, शून्य हेडचा असतो आणि मॅक्स हेड शून्य डिस्चार्जचं. दोन्ही एकदम कधीच मिळत नाहीत, आणि दुकानदार हे सांगत नाही.

उलट खरी अडचण खड्ड्याची आहे. दोन बाय दोनमध्ये १० सेंटिमीटरला जेमतेम ३७ लिटर मावतात. फ्लोट ३५ सेंटिमीटरमध्ये चालू-बंद झाला तर वरच्या हिशोबाने पंप तासाला वीस-बावीस वेळा सुरू होईल. मोटार अशानेच जळते, आणि मोठा पंप टाकला तर अजून लवकर. हाच खड्डा तीन बाय तीन करून फ्लोटला ५० सेंटिमीटर खेळायला दिले की तेच काम तासाला सहा-सात वेळांवर येतं. २ एचपीचे पैसे खड्डा रुंद करण्यात घाला. वायरला लोंबणारा फ्लोट अरुंद खड्ड्यात भिंतीला अडकतोही. वर अडकला तर पंप कोरडा चालून सील जळतं, खाली अडकला तर बेसमेंट भरतं.

बसवताना पंप तळावर टेकवू नका, खाली कडाप्पा किंवा विटा द्या, म्हणजे गाळ ओढणार नाही. खडी टाकू नका. उतरवायचा तो हँडलला बांधलेल्या नायलॉनच्या दोरीने. केबल धरून उचललेला पंप मी लांबून ओळखतो, ग्लँडपाशी (केबल पंपात शिरते तिथे) केबल निम्मी बाहेर आलेली असते आणि पाणी तिथूनच शिरतं. दोरी वर हुकाला कायमची बांधून ठेवा.

डिलिव्हरी, म्हणजे पाणी बाहेर नेणारी पाइप, पंपाच्या तोंडाच्याच मापाची ठेवा, दीड इंचाची सव्वा करू नका. वर एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह), बाणाची दिशा बघून, आणि त्याच्याजवळ युनियन (खोलता येणारा जोड), म्हणजे पंप काढताना पाइप कापावा लागणार नाही. एनआरव्हीच्या खाली, खड्ड्याच्या आतच, पाइपला ३-४ मिलिमीटरचं भोक पाडा. त्यातून हवा निघते, नाहीतर पंप नुसता घरघरतो आणि पाणी उचलत नाही. चालू असताना त्यातून पिचकारी उडते. ती गळती नाही. प्लंबरला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो एमसील लावून मोकळा होईल. पाणी पावसाळी गटारात सोडा, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये नाही, आणि पाइपचं तोंड रस्त्यावर साचणाऱ्या पाण्याच्या वर ठेवा.

हाताळण्याबद्दल वॉचमनला नीट सांगा. आवाज येत नाही म्हणजे पंप बंद आहे असं नाही. फ्लोट कधीही उचलेल. तापून आपोआप थांबलेला पंप थंड झाल्यावर आपोआप सुरूही होतो, आणि तेव्हा कोणाची बोटं जाळीत असली तर गेली. आधी वरचा आयसोलेटर (मेन स्विच) बंद, मग प्लग बाहेर, मग पाण्यात हात. बेसमेंटमध्ये पाणी भरलेलं असताना लाइट चालू आहे का तपासायला कोणी खाली उतरायचं नाही. लाइट गेल्यावर भाड्याचा पेट्रोल पंप आणलात तर तो उघड्यावर ठेवून पाइप खाली सोडा, बेसमेंटमध्ये त्याचा धूर जीव घेतो. खड्ड्याला ड्रेनेजचा वास येत असेल तर गाळ काढायलाही आत माणूस उतरवू नका.

आरसीसीबी पडला की पंप थांबणार, हे गृहीत धरा. म्हणून थोडा वर दुसरा फ्लोट आणि वॉचमनच्या केबिनमध्ये भोंगा लावा. त्याची लाइन वेगळी, शक्यतो बॅटरीवर. कमिटीकडे पैसे उरले तर दुसरा पंप. मे महिन्यात खड्ड्यात पाणी ओतून फ्लोट, एनआरव्ही आणि आरसीसीबीचं ‘टी’ बटण तपासा. पावसाळा संपला की पंप वर काढून धुवा, स्वच्छ पाण्यात थोडा चालवा आणि वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) बघून घ्या. १ मेगओहमच्या खाली असेल तर परत खाली सोडू नका, दुकानात द्या.

खड्ड्याच्या तळापासून गटारापर्यंतची उंची, पाइपची लांबी आणि मध्ये किती बेंड आहेत ते मोजून इथे टाका, मग कुठला पंप ते सांगतो. तोवर तो टू-पिन काढून टाका.