लॅरी होम्सने नेमकं हरवलं कुणाला?

धुळ्याच्या भाऊने सरळ विचारलंय. बॉक्सिंगमधल्या सगळ्यात वजनदार गटाचा, म्हणजे हेवीवेटचा, जुना विजेता लॅरी होम्स, त्याने हरवलं कुणाला? एक थकलेला अली, बाकी सगळी खोगीरभरती. मग त्याला मार्सियानोच्या पंगतीत बसवायचं कशाला? रॉकी मार्सियानो, तोही हेवीवेटचा विजेता, तर 49 पैकी 49 लढती जिंकून घरी गेला. दोघा-तिघांनी लगेच मान डोलावली, आणि शिरपूरच्या आबांनी "आप्पा, तुम्ही बोला, होम्स-विदरस्पून लढतीचंही सांगा" म्हणून मला ओढलं.

बोलतो, जरा लांबेल. आमच्याकडे चोपड्याला सध्या शेतीची लाईट रात्रीची आहे. केळीला पाणी सोडलं की मोटारीपाशी जागंच राहावं लागतं, त्यामुळे पंधरा-पंधरा फेऱ्यांच्या जुन्या लढती मोबाईलवर अख्ख्या बघायला माझ्याकडे वेळच वेळ असतो. दहा मिनिटांची कापाकापी बघून मत ठोकणाऱ्यांशी माझं भांडण तिथूनच सुरू होतं.

भाऊ, तुनं म्हननं खरं शे, पन अर्धंच.

खरं अर्धं आधी. 2 ऑक्टोबर 1980 ची अलीची लढत होम्सच्या खात्यात धरूच नका. अली 38 वर्षांचा, दोन वर्षांत रिंगमध्ये उतरलेला नाही, थायरॉइडच्या गोळ्या घेऊन वजन उतरवलेलं. दिसायला सडपातळ, अंगात काही उरलेलं नाही. दहा फेऱ्या मार खाल्ला आणि मग अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने लढत थांबवली. होम्स कधीकाळी अलीचाच सरावातला जोडीदार होता. तो मारता मारता रेफरीकडे बघत होता, की बाबा, थांबव आता. त्या विजयाने त्याला काही मिळालं नाही, उलट गेलंच. आपल्याकडे तर जास्त. त्याच वर्षी जानेवारीत अली भारतात येऊन दिल्लीत आपला बॉक्सर कौर सिंग याच्याशी प्रदर्शनी लढत खेळून गेला होता. त्या लाडक्या माणसाला कुणीतरी नऊ महिन्यांत असं झोडपलं, म्हणजे तो खलनायकच. होम्सची आपल्याला झालेली ओळख ही अशी आहे, आणि पुष्कळांच्या डोक्यात ती तिथेच थांबली आहे.

आता ती लढत पुसून टाका आणि मागे जा. 9 जून 1978, लास वेगासचं सीझर्स पॅलेस, समोर केन नॉर्टन. 1973 मध्ये अलीचा जबडा मोडणारा हाच. वय 34, अजून भरात. पंधरा फेऱ्या झाल्या आणि तिन्ही जजांच्या कागदावर फरक एकेका गुणाचा, 143-142. दोघांनी होम्सला दिला, एकाने नॉर्टनला. पंधरावी फेरी बघितली नसेल तर पुढचं वाचण्याआधी ती बघून या. पाय जवळजवळ थांबलेत, बचाव कुणालाच सुचत नाही, दोघं समोरासमोर उभं राहून नुसते मारताहेत. सुरुवातीला नॉर्टन त्याला रेटत नेतो, वाटतं गेला हा. शेवटच्या मिनिटात होम्स कुठून तरी परत येतो आणि घंटा होईस्तोवर नॉर्टन मागे सरकतोय. ती एक फेरी हातची गेली असती तर होम्सला किताब मिळालाच नसता.

दुसरी अर्नी शेव्हर्सशी, 28 सप्टेंबर 1979. हेवीवेटमध्ये शेव्हर्सइतका जड ठोसा फार थोड्यांचा. सहा महिन्यांपूर्वी त्याने त्याच नॉर्टनला पहिल्याच फेरीत झोपवलं होतं. सातव्या फेरीत त्याचा उजवा होम्सला लागला आणि होम्स सपाट. तो उठला कसा हे मी कितीदा तरी मागे नेऊन बघितलंय, अजून कळत नाही. उठल्यावर पाय ऐकत नव्हते. मिठ्या मारत, सरकत त्याने ती फेरी काढली, मग परत आपला जॅब, म्हणजे डाव्या हाताचा सरळ ठोसा, चालू केला आणि अकराव्या फेरीत शेव्हर्सलाच थांबवलं. अशा माणसाला हरवणं ज्यांना भरतीचं वाटतं त्यांनी शेव्हर्सचा एखादा ठोसा आवाज लावून ऐकावा.

आता प्रतिस्पर्धी मोजायचा कसा, हा खरा मुद्दा. आपल्याकडे यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत जोड लावणारे जाणते असतात. पोरगा आखाड्यात उतरला की ते त्याचं नाव विचारत नाहीत. मनगट धरून बघतात, मान चाचपतात, मागच्या यात्रेत कुणाशी धरली ते विचारतात. आणि जोड बरी लागली की नाही याचा हिशेब पुढच्या वर्षी होतो, हरलेल्या पोराने नंतर काय केलं ते बघून. बॉक्सिंगमध्ये आपण उलटं करतो. लढतीच्या दिवशी नाव केवढं होतं तेवढंच बघतो.

होम्सच्या यादीला हा हिशेब लावा. जून 1979 मध्ये माइक वीव्हर समोर आला तेव्हा त्याच्या नावावर आठ पराभव होते. लोक हसले. होम्सला बारा फेऱ्या लागल्या, तेव्हा होम्सलाच हसले. नऊ महिन्यांनी त्याच वीव्हरने जॉन टेटला पंधराव्या फेरीत आडवं करून डब्ल्यूबीएचा किताब घेतला (डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ या जागतिक किताब देणाऱ्या वेगवेगळ्या संघटना). ट्रेव्हर बर्बिक 1981 मध्ये पंधरा फेऱ्या खेळून गुणांवर हरला, 1986 मध्ये डब्ल्यूबीसीचा विजेता झाला. टिम विदरस्पून मे 1983 मध्ये फक्त पंधरा लढतींचा पोरगा होता. वर्षाच्या आत तो डब्ल्यूबीसीचा विजेता, आणि 1986 मध्ये डब्ल्यूबीएचा. जेम्स 'बोनक्रशर' स्मिथला होम्सने नोव्हेंबर 1984 मध्ये बाराव्या फेरीत थांबवलं. दोन वर्षांनी स्मिथने विदरस्पूनला पहिल्याच फेरीत लोळवून किताब घेतला आणि पुढे टायसनसमोर बाराच्या बारा फेऱ्या उभा राहिला. होम्सशी लढताना या चौघांपैकी एकाकडेही किताब नव्हता, म्हणून कागदावर ते 'कुणीतरी' दिसतात.

यावर कुणी म्हणेल, ऐंशीच्या दशकात हेवीवेटचे किताब गल्लीत मिळत होते. बरोबर आहे. ग्रेग पेजकडून टोनी टब्सकडे, पिंकलन थॉमसकडून बर्बिककडे, विदरस्पूनकडून स्मिथकडे, किताब हातोहात फिरत होते. चांगली चांगली पोरं वजन वाढवून आणि नशापाणी करून वाया गेली. पण ज्या काळात बहुतेकांना बेल्ट फार काळ सांभाळता येत नव्हता, त्या काळात एक माणूस जून 1978 पासून सप्टेंबर 1985 पर्यंत विजेता राहतो, वीस वेळा किताब राखतो. हेवीवेटमध्ये सलग यापेक्षा जास्त एकट्या जो लुईचे, 25. आणि लुईच्याही 1940-41 मधल्या प्रतिस्पर्ध्यांना तिथल्या पत्रकारांनी 'या महिन्याचा बिनकामाचा' असंच नाव ठेवलं होतं. आज लुईला त्यावरून कुणी कमी लेखत नाही.

खोगीरभरती होती का? होती की. लोरेन्झो झानोन, लेरॉय जोन्स, स्कॉट लेडू, लुसियन रॉड्रिग्ज, स्कॉट फ्रँक. वीस वेळा किताब राखणाऱ्याच्या यादीत अशी नावं येणारच, मी त्यांची वकिली करणार नाही.

गेरी कूनीबद्दल मात्र दोन शब्द. 11 जून 1982 ला तो 25 पैकी 25 जिंकून आला होता, नॉर्टनला त्याने मिनिटभराच्या आत संपवलं होतं. गोऱ्या अमेरिकेला गोरा विजेता हवा होता, त्यामुळे जाहिरातीत सगळीकडे कूनी. किताब होम्सचा, पण रिंगमध्ये नाव पुकारताना होम्सचं आधी आणि कूनीचं नंतर. रिवाज बरोबर उलटा आहे, विजेत्याचं नाव शेवटी घेतात. होम्सने त्याला तेराव्या फेरीत थांबवलं. कूनीला नंतर सगळ्यांनी फुगवलेला म्हणून हिणवलं, पण कमरेखाली मारल्याबद्दल त्याचे तीन गुण कापले गेले होते. ते कापले नसते तर लढत थांबली तेव्हा दोन जजांच्या कागदावर तो पुढे असता. नुसत्या फुगवलेल्या माणसाला हे जमत नाही.

आता भाऊने जे विचारलंच नाही ते सांगतो, कारण होम्सची खरी दुखरी जागा तिथे आहे. तो कुणाशी लढला यापेक्षा कुणाशी लढला नाही ते बघा. 1983 च्या मेमध्ये विदरस्पूनने त्याला जवळजवळ हरवलं होतं. जजांमध्ये दोन विरुद्ध एक असा निकाल होता. तिथे परत लढत द्यायला हवी होती, दिली नाही. डब्ल्यूबीसी ग्रेग पेजशी लढ म्हणत होती. होम्सने त्याऐवजी नोव्हेंबरमध्ये जो फ्रेझरचा मुलगा मार्व्हिस घेतला, अवघ्या दहा लढतींचा, आणि पहिल्याच फेरीत उडवला. डब्ल्यूबीसीने त्याला किताबाची लढत मानलंच नाही. डिसेंबरात होम्सने तो बेल्ट सोडला आणि नव्याने निघालेल्या आयबीएफचा घेतला. डब्ल्यूबीएचा विजेता गेरी कूत्झीशी लढत ठरली होती, तीही 1984 मध्ये पैशांची जुळणी न झाल्याने बारगळली. पिंकलन थॉमस, पेज, डोक्स, टब्स, यातला एकही त्याच्या यादीत नाही. त्याचं म्हणणं पैशाचं होतं आणि त्यात तथ्यही असेल. शाळा सोडून गाड्या धुणाऱ्या पोराला पैशाचा हिशेब कुणी शिकवायला नको. पण 1983 नंतरचा होम्स निवडून लढत होता, हे मला लढती बघताना स्पष्ट दिसतं. टीका करायची तर इथे करा, अलीवरून नको.

तो निवडून का लढत होता? एका आकड्यासाठी. न हरता 48 जिंकून झाल्या होत्या, आणखी एक जिंकली की मार्सियानोशी बरोबरी. 21 सप्टेंबर 1985 ला समोर घेतला मायकेल स्पिंक्स, लाइट हेवीवेटचा विजेता, वजनाने लहान, म्हणजे सोपा. योगायोग असा की बरोबर तीस वर्षांपूर्वी याच तारखेला मार्सियानो आपली शेवटची लढत आर्ची मूरशी खेळला होता. स्पिंक्स वेड्यावाकड्या कोनांतून मारत राहिला, होम्सचा जॅब उशिरा पोचत राहिला, आणि पंधरा फेऱ्यांनंतर तिन्ही जजांनी स्पिंक्सला दिलं. वर पत्रकारांसमोर होम्सच्या तोंडून निघून गेलं की मार्सियानोला माझा लंगोटही उचलता आला नसता. मार्सियानोचे घरचे तिथेच बसले होते. नंतर माफी मागितली, पण लोकांनी तेच लक्षात ठेवलं. एप्रिल 1986 ची दुसरी लढत माझ्या मते होम्सने जिंकली होती. पण तोपर्यंत त्याच्या बाजूने बोलायला कुणी उरलं नव्हतं.

मार्सियानोलाही तोच हिशेब लावतो, नाहीतर म्हणाल आप्पा एकतर्फी. जो लुई त्याच्यासमोर आला तेव्हा 37 वर्षांचा, ती लुईची शेवटचीच लढत. जर्सी जो वॉलकॉट 38 चा. पण तो त्या दिवशी विजेता होता, त्याने पहिल्या फेरीत मार्सियानोला खाली पाडलं आणि बारा फेऱ्या नाचवलं. तेराव्या फेरीतला तो उजवा जगात कुणालाही लागला असता तरी निकाल तोच लागला असता. एझर्ड चार्ल्स उताराला लागलेला. मूर 38 चा, पण पुढे कितीतरी वर्षं लाइट हेवीवेटचा विजेता राहिला, म्हणजे तो अस्सल. मार्सियानोच्या यादीत नावं मोठी आणि वयं जास्त, होम्सच्या यादीत नावं छोटी आणि वयं कमी. 49-0 या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही. मार्सियानो वेळेवर थांबला, हे त्याचं शहाणपण. होम्स थांबला नाही.

न थांबल्याचे दोन परिणाम झाले. जानेवारी 1988 मध्ये टायसनने त्याला चौथ्या फेरीत झोपवलं. 38 वर्षांचा, पावणेदोन वर्षं बसून असलेला होम्स. 75 लढतींत तो असा हरला तो एवढ्या एकदाच. लोक टायसनच्या खात्यात हा विजय अभिमानाने मांडतात, तेच लोक अलीचा विजय होम्सच्या खात्यातून काढतात. दोन्हीकडे एकच माप लावा. दुसरा परिणाम, फेब्रुवारी 1992. सेऊल ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता रे मर्सर, तोवर एकदाही न हरलेला, आणि होम्स 42 चा. कोपऱ्यात पाठ टेकवून, मर्सरला ठोसे वाया घालवायला लावून, मध्येच जॅब काढत बारा फेऱ्या जिंकून गेला. हा म्हातारपणीचा विजय कुणाच्या यादीत येत नाही याचं मला नवल वाटतं.

माझ्या वहीत हेवीवेटमध्ये लुई, अली आणि मग होम्स. मार्सियानो त्याच्या मागे दोन-तीन घरं सोडून. दोघं भरात असताना भिडले असते तर? होम्सच्या हातांचा पल्ला फूटभराहून थोडा जास्त, वजनही वीसेक पौंडांनी जास्त. पण त्याची एक खोड होती, डोक्यावरून येणारा उजवा त्याला दिसत नसे. शेव्हर्सने त्यावरच पाडला, 1981 मध्ये रेनाल्डो स्नाइप्सनेही. मार्सियानोचं सगळं दुकान त्या उजव्यावर. तेव्हा होम्स एकदा तरी खाली बसला असता, आणि उठून पंधरा फेऱ्यांत गुणांवर जिंकला असता.

आबा, तुमच्या विदरस्पूनचं राहिलं. लढत आवाज बंद ठेवून बघा, कॉमेंटेटर फार भुलवतात. प्रत्येक फेरीनंतर गुण लिहा. नववी फेरी नीट बघा, तिथे होम्स हललेला आहे. माझ्या कागदावर विदरस्पून एका गुणाने पुढे येतो. तुमचा काय येतो ते कळवा.