सासिकाया आत्ताच उघडू की ठेवून देऊ?

प्रश्न : मुलगा मिलानला असतो, दिवाळीत येताना सासिकाया नावाची 2019 ची रेड वाइन आणतोय. किंमत ऐकून मी गप्पच झाले. दीर म्हणतात ही टेबल वाइन म्हणून विकली जायची, उगाच नाव झालंय. खरंय का? आणि आल्या आल्या उघडायची का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, दीर म्हणतात ते लेबलापुरतं खरंय (टेबल वाइन म्हणजे इटलीतला तेव्हाचा सगळ्यात खालचा दर्जा), पण दोष वाइनचा नव्हता, नियमांचा होता. इटलीच्या टस्कनीत समुद्राजवळ बोल्गेरी म्हणून भाग आहे, तिथल्या तेनुता सान ग्विदो इस्टेटची ही वाइन. मालक मारियो इंचिझा देल्ला रोक्केत्ता यांना फ्रान्समधल्या बोर्दोच्या वाइनचं वेड, म्हणून 1944 ला त्यांनी दगडगोट्यांच्या जमिनीत काबर्ने या बोर्दोकडच्या द्राक्षाच्या वेली लावल्या, तेही सगळी टस्कनी सांजोवेझे हे तिथलंच द्राक्ष लावत असताना. 1948 ते 1967 ही वाइन फक्त घरात प्यायची, विक्री नाहीच. आणि सुरुवातीला कोणाला फारशी आवडली पण नाही, तिथल्या लोकांना हलक्या ताज्या वाइनची सवय, ही कडक तुरट लागायची. पण तळघरात तशाच पडलेल्या बाटल्या काही वर्षांनी उघडल्या तर चव पार बदललेली! मला तर ही वाइन आवडते ती याच्यासाठीच, घाई केली असती तर वेली उपटूनच टाकल्या असत्या.

मग 1968 ची वाइन बाजारात आली, टस्कनीतल्याच अंतिनोरी या वाइनवाल्या घराण्याने विक्री बघितली, त्यांचे वाइनमेकर जाकोमो ताकिस यांनी पद्धत बसवून दिली, आणि 1978 ला लंडनमध्ये डिकँटर या वाइनवरच्या मासिकाच्या टेस्टिंगला 1972 ची सासिकाया जगभरच्या काबर्नेंमध्ये पहिली आली. तरी लेबलवर टेबल वाइनच, कारण बोल्गेरीच्या रेड वाइनला सरकारी दर्जाच नव्हता. 1985 च्या वाइनला रॉबर्ट पार्कर या अमेरिकन वाइन समीक्षकाने 100 पैकी 100 दिले ती पण कागदोपत्री टेबल वाइनच बरं का! दर्जा मिळाला 1994 ला, आणि 2013 पासून तर या एकाच इस्टेटच्या नावाने वेगळा डीओसी, म्हणजे तो सरकारी दर्जा, आहे.

आता तुमची बाटली. 85 टक्के काबर्ने सोव्हिन्यों, बाकी काबर्ने फ्राँ, फ्रेंच ओकच्या पिंपात साधारण दोन वर्षं मुरलेली. 2019 ची अजून बरीच वर्षं टिकेल, पण वाइन कूलर असेल तरच ठेवा, ठाण्याच्या मे महिन्यात माळ्यावर किंवा शोकेसमध्ये ठेवलेली बाटली वाया गेलीच समजा. कूलर नसेल तर सरळ या दिवाळीत उघडा. आधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा (18 डिग्रीच्या आसपास हवी, आपलं रूम टेंपरेचर फार गरम), मग काचेच्या जगमध्ये ओतून तास-दोन तास मोकळी राहू द्या, तुरटपणा बराच मवाळ होतो. मुलाला सांगा नावाजलेल्या दुकानातूनच घे, 2020 ला इटलीत पोलिसांनी बनावट सासिकायाचा मोठा धंदा पकडलाय. बरोबर मटण करा, फक्त तिखट हात राखून घाला.