घराचं काम काढलं की घरात भांडण का होतं?

मी बेळगावात कुटुंबांचं समुपदेशन करते. दिवाळी झाली की माझ्याकडं एक तक्रार हमखास येते. "मॅडम, घराचं काम काढायचंय, पण पैशाचा विषय निघाला की भांडण." शहापूर, वडगाव, अनगोळ, अगदी खानापूरकडनं येणारे लोकपण हेच सांगतात. पाऊस सरला की भिंतीवरचे ओलीचे डाग दिसायला लागतात आणि पुढच्या पावसाच्या आत उरकायचं म्हणून सगळ्यांची घाई सुरू होते. त्यातलंच एक घर सांगते, ओळख पटू नये इतपत बदल केलाय.

नवरा उद्यमबागेत कामाला, बायको घरी शिलाई करते, सासूबाई आणि दोन मुलं. पिग्मी (रोज थोडी थोडी भरायची बचत) आणि ठेवी मिळून साडेतीन लाख साठवलेले. कामं मात्र सात लाखांची.

"स्लॅब गळूलाय मॅडम, आणि हिला किचन नवीन पायजे."

"आणि ह्यांना पुढचं एलिव्हेशन पायजे, घराची दर्शनी बाजू नवी, ते नाही सांगत."

तीन गवंड्यांची एस्टिमेटं घेऊन आले होते, हिशोब चोख होता. तरी दोन भेटी नुसती बेरीज-वजाबाकी चालली. मी अशा वेळी एकट्या नवऱ्याशी किंवा एकट्या बायकोशी बोलून थांबत नाही, अख्खं घर समोर बसवते, कारण माझा अनुभव असा की घरातलं भांडण एका माणसात नसतं, माणसांच्या मधे असतं. सासूबाईंनाही बोलावलं. वही मिटायला लावली आणि विचारलं, "काम झालं असं धरा. आता घर बघायला पहिलं कोणाला बोलावणार?"

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दादाला." वाटणीत जुनं घर ह्याच्याकडं आलं, दादानं त्याच गल्लीत दुमजली बांधलं. दादा आला की आधी भिंतीकडं बघतो, हे त्याच्या मनात किती वर्षं होतं कोण जाणे.

बायको म्हणाली, "मी कोणालाच बोलावणार नाही. पावसाळ्यात ओट्याजवळ पाणी ठिबकतंय, पायाखाली गोणपाट घालून उभारते मी. एकदा कोरड्यात उभारून सैपाक करायचाय."

"हे तू कधी बोललीस?"

"एस्टिमेटात कुठं लिहायचं ते?"

सासूबाईंचं "मला काय नको" चाललं होतं. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाल्या, "बाथरूमात धरायला कायतरी लावा, रात्री भ्या वाटतंय." सगळ्यात कमी खर्चाचं काम, आणि तिन्ही एस्टिमेटांत नव्हतं!

हा प्रश्न मी आता प्रत्येक घराला विचारते आणि तो क्वचितच फुकट जातो, ह्याचं मला समाधान आहे. प्रत्येक कामामागं कोणाचं तरी काहीतरी दुखत असतं, ते एकदा बोललं गेलं की क्रम आपोआप लागतो. दादाचं बोलून झाल्यावर एलिव्हेशन दोन वर्षं पुढं ढकलायला तो स्वतःच तयार झाला, मला सांगावं लागलं नाही.

आता क्रमाचं. आधी पाणी, म्हणजे स्लॅबचं वॉटरप्रूफिंग आणि पाइपा, त्याच्याबरोबर वायरिंग. त्यानंतर ओटा, फरशी. रंग सगळ्यात शेवटी आणि भिंत पूर्ण वाळल्यावरच, ओल्या भिंतीवर लावला की पोपडे येणारच. स्लॅबचं काम मार्च-एप्रिलमध्ये धरा, मे महिन्यात वळवाचा भरवसा नसतो. आणि बजेट करताना दहा-पंधरा टक्के बाजूला काढा, जुनी भिंत फोडली की आत काय निघेल सांगता येत नाही.

कर्जाचं म्हणाल तर ह्यांना एका ठिकाणी 3 लाख, 3 वर्षं, "फक्त दहा टक्के" असं सांगितलेलं. मी विचारलं, फ्लॅट का रिड्यूसिंग? फ्लॅट होतं. म्हणजे व्याज 90 हजार आणि महिन्याला 10,833 हप्ता, रिड्यूसिंगच्या, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरायच्या हिशोबात हा दर जवळजवळ 18 टक्के पडतो, कारण मुद्दल फिटत गेलं तरी व्याज पहिल्या दिवसाच्या रकमेवरच धरलेलं असतं. दोघंही दचकले. बँकेचं घरदुरुस्तीचं कर्ज बहुतेक वेळा पर्सनल लोनपेक्षा स्वस्त असतं, फक्त खाता उतारा (घर कोणाच्या नावावर ते दाखवणारा), कराची पावती असली कागदं आधी नीट करून ठेवावी लागतात. स्वतः राहत्या घराच्या दुरुस्तीकर्जाच्या व्याजावर जुन्या कर पद्धतीत वर्षाला 30 हजारांपर्यंत वजावट आहे, नव्या पद्धतीत नाही, तेव्हा त्या भरवशावर हप्ता वाढवू नका. शेवटी त्यांनी कर्ज काढलंच नाही, गळती, ओटा आणि बाथरूम साठवलेल्या पैशात बसवलं.

गवंड्याला पैसे टप्प्याटप्प्यानं द्यायचे, कुठल्या कामाला किती ते कागदावर लिहून सही घ्यायची. गळतीच्या कामाचे थोडे पैसे पहिला मोठा पाऊस पडेपर्यंत राखून ठेवायचे, पण हे बोलणं काम सुरू व्हायच्या आधी करा. ह्यांचा गवंडी आधी कुरकुरला, मग तयार झाला.