घरघर गिटारची की सॉकेटमधल्या अर्थिंगची?

प्रश्न : माझी तीन सिंगल कॉइल पिकअपची (तारांची थरथर टिपणाऱ्या, एकेका गुंडाळीच्या चुंबकांची) गिटार अँपला लावली की घरघर सुरू होते. तारांना हात लावला की ती बरीच कमी होते. दुरुस्तीवाला म्हणतो, ब्रिजची अर्थ वायर तुटली आहे. घर जुन्या चाळीत आहे. – एक वाचक, गिरगाव

उत्तर : ब्रिज म्हणजे तारा टेकतात तो धातूचा भाग. त्याची अर्थ वायर तुटली असती, तर तारांना हात लावून काहीच फरक पडला नसता. हात लावल्यावर आवाज उतरतो, म्हणजे वायर शाबूत आहे. खोलीतल्या वायरिंगचं विद्युतक्षेत्र तुमचं शरीर गोळा करतं आणि गिटारच्या आतल्या उघड्या वायरींवर चढवतं. तारांना स्पर्श झाला की तेच शरीर अर्थला जोडलं जातं आणि आडोसा होतं. खात्री करायची असेल तर मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवा, एक प्रोब तारेला आणि दुसरा जॅकच्या (केबल खुपसायच्या जागेच्या) बाहेरच्या रिंगला लावा. आकडा १-२ ओहमच्या आत आला की ब्रिजचा विषय संपला.

गिटार उघडण्याआधी घरघर कोणत्या जातीची आहे ते ओळखा. अँप चालू ठेवून जागच्या जागी हळूहळू गोल फिरा. एखाद्या दिशेला आवाज जवळजवळ बंद होत असेल, तर ते चुंबकीय क्षेत्र आहे. अँपचा ट्रान्सफॉर्मर किंवा जुन्या ट्यूबलाइटचा चोक हे त्याचे नेहमीचे उगम. त्यावर शील्डिंगचा, म्हणजे गिटारच्या आतून धातूचं फॉइल लावण्याचा उपयोग नाही, कारण ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला तांब्याचा पातळ पत्रा अडवू शकत नाही. अँपपासून दीड-दोन मीटर लांब बसा. मधला पिकअप उलट गुंडाळलेला असेल तर पिकअप निवडायच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर वाजवा, तिथे दोन पिकअपची घरघर एकमेकांना खोडते. सेथ लव्हर यांनी गिब्सन कंपनीत असताना १९५५ साली ज्या हंबकरच्या (घरघर खोडणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअपच्या) पेटंटसाठी अर्ज केला, त्यामागचं तत्त्व हेच.

फिरण्याने फरक पडत नसेल आणि हात लावल्याने पडत असेल, तर दोष विद्युतक्षेत्राचा आणि शील्डिंगचे पैसे वसूल होतील. तरी आधी पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद करून ऐका. चिरका, करकरीत आवाज बऱ्याचदा तिथूनच येतो.

शील्डिंगसाठी ५ सेंमी रुंदीची तांब्याची चिकटपट्टी सुमारे २ ते ३ मीटर लागते. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घेताना चिकटणारी बाजूही वीज वाहणारी आहे ना, हे तपासून घ्या: दोन तुकडे एकावर एक चिकटवा आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत मोजा. १ ओहमच्या आत असेल तर उत्तम. नसेल तर प्रत्येक जोडावर सोल्डरचा एक ठिपका द्यावा लागेल आणि तो कंटाळा लोक करतात. मग निम्मं फॉइल नुसतंच चिकटलेलं राहतं, अर्थला लागतच नाही.

गिटारच्या लाकडात पिकअप आणि वायरी बसतात त्या खाचेच्या तळाला आणि भिंतींना पट्टी लावा. एका-दोन ठिकाणी ती कडेवरून साधारण १ सेंमी बाहेर, पिकगार्डच्या (खाचेवरच्या प्लास्टिकच्या झाकणाच्या) स्क्रूखाली आणा. पिकगार्डच्या मागच्या फॉइलशी संपर्क तिथेच होतो. खाचेतून एक वायर व्हॉल्यूम पॉटच्या (बटणाखालच्या फिरत्या रेझिस्टरच्या) पाठीवर न्या. पाठ आधी पॉलिश पेपरने घासा आणि ४० वॅटची सोल्डरिंगची इस्त्री दोन-तीन सेकंदच टेकवा. ट्रेमोलोच्या (हलत्या ब्रिजच्या) स्प्रिंगच्या पट्टीवर सोल्डर करायचं असेल तर ६० वॅट तरी हवेत. कमी उष्णतेत तिथे हमखास ड्राय सोल्डर (वरवर चिकटलेला कच्चा सांधा) होतो.

चाळीतल्या सॉकेटमध्ये अर्थ वायर आहे का, तेही बघून घ्या. लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरिंगमध्ये ती बहुधा नसते आणि मग फॉइलचा फायदा पूर्ण मिळत नाही. म्हणून नळाच्या पाइपला वायर बांधणं हा मात्र उपाय नव्हे. पाइपमध्ये एक प्लास्टिकचा तुकडा असला तरी अर्थ मिळत नाही आणि दोष आलाच तर करंट शेजारच्या नळावर उतरतो.

प्रश्न : फॉइल लावलं, सगळं पुन्हा जोडलं. आता गिटार पूर्ण मुकी. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : उघडू नका, आधी मोजा. केबल गिटारला लावा, दुसरं टोक मोकळं ठेवा, व्हॉल्यूम पूर्ण वर, स्विच एकाच पिकअपवर. प्लगच्या टोकापासून बाहेरच्या नळीपर्यंत ओहम मोजा. ५ ते ८ किलोओहम आले तर गिटार ठीक आहे, केबल किंवा अँप बघा. २५० किलोओहमच्या आसपास आले तर पिकअपची वायर सुटली आहे, मीटरला नुसता पॉट दिसतोय. आकडाच आला नाही तर जॅकची गरम (सिग्नलची) वायर तुटली. शून्य आला तर शॉर्ट आहे.

तुमच्या बाबतीत शून्यच येईल असं वाटतं. जॅकमधली टोकाला टेकणारी लवचीक पत्ती प्लग आत गेल्यावर बाहेर सरकते आणि खाचेच्या फॉइलला लागते. प्लग नसताना सगळं बरोबर दिसतं, म्हणून ही चूक पटकन सापडत नाही. जॅक थोडा फिरवून पत्ती मोकळ्या बाजूला करा आणि समोरच्या फॉइलवर दोन थर इन्सुलेशन टेप लावा. स्विचच्या पत्त्यांखालीही तसंच करा. मुंबईच्या उन्हाळ्यात टेपचा चिकटा पाघळतो, म्हणून सोल्डरच्या टोकांवर हीट श्रिंक स्लीव्ह (उष्णतेने आवळणारी नळी) चढवलेली बरी.

प्रश्न : गणपतीच्या मंडपात वाजवताना ओठ माइकला लागले की झिणझिण्या येतात. ब्रिजची अर्थ वायर कापून टाकू का? की मित्र म्हणतो तसा मध्ये ०.३३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकू? – एक वाचक, लालबाग

उत्तर : दोन्ही करू नका. आणि कारण सापडेपर्यंत मंडपातल्या त्या विजेच्या बोर्डावर वाजवूच नका.

ब्रिजच्या वायरमध्ये कपॅसिटर टाकून शॉकचा करंट रोखायची युक्ती १२० व्होल्टच्या देशांतून आली आहे. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ०.३३ मायक्रोफॅरडचा अडथळा ५० हर्ट्झला सुमारे ९.६ किलोओहम होतो, म्हणजे दोष आल्यास अंगातून २४ मिलिअँपिअरपर्यंत करंट जाऊ शकतो. इतक्या करंटला तारेवरची पकड सुटणं कठीण होतं आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) पडेलच याचीही खात्री नाही. शिवाय जॅकची धातूची पट्टी थेट अर्थलाच असते, तिला हात लागला की कपॅसिटर असून नसल्यासारखा. ब्रिजची वायर कापली तरी ती पट्टी आहेच. वर घरघर वाढेल ती वेगळी.

दोष गिटारमध्ये नसून पुरवठ्यात आहे. अँप आणि माइकचा मिक्सर वेगवेगळ्या बोर्डांवर असतील आणि त्यांतल्या एकाला अर्थ नसेल, तर दोन्हींच्या धातूंमध्ये व्होल्टेज उभं राहतं. मंडपातले एक्स्टेन्शन बोर्ड, तीन पिनचं टू-पिन करणारे अडॅप्टर, प्लगमध्ये सुटलेली जाड पिनची वायर, या तीन जागा आधी बघा. मंडपाच्या वायरमनकडून सॉकेट मोजून घ्या: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही तितकंच, न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्ट. फेज-अर्थ बराच कमी किंवा हलता आकडा दाखवत असेल तर तिथे अर्थच नाही. अँप आणि मिक्सर एकाच चांगल्या बोर्डावर घ्या, त्यावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. वाजवण्याआधी मीटर एसी व्होल्टवर ठेवून गिटारच्या तारेपासून माइकच्या जाळीपर्यंत मोजा. एक-दोन व्होल्टच्या वर काही दिसलं तर माइकला तोंड लावू नका.

प्रश्न : पावसाळ्यात व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर येते. हेही अर्थिंगच का? – एक वाचक, वर्सोवा

उत्तर : नाही, हा पॉट आहे. दमट, खाऱ्या हवेत आतल्या पट्टीवर थर बसतो. पॉटच्या पायांजवळच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एकच छोटा फवारा मारा आणि बटण वीस-तीस वेळा पूर्ण फिरवा. दहा मिनिटं वाळू द्या, मग अँपला लावा. आठवड्याभरात खरखर परत आली तर पॉट बदला: सिंगल कॉइलसाठी २५० के (किलोओहम), हंबकरसाठी ५०० के.