वैमानिक एटीसीला ‘नाही’ म्हणू शकतो का?

प्रश्न : माझी मुलगी विमान चालवायला शिकते आहे. ती म्हणते, एटीसीने, म्हणजे जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्या हवाई वाहतूक नियंत्रणाने, सांगितलेलं वैमानिक नाकारू शकतो. मग शिस्त कशी राहणार? आणि नवख्या मुलीने नकार दिला तर ठपका तिच्यावरच येणार ना?
– एक पालक, सातारा

उत्तर : मुलगी बरोबर सांगते आहे. विमानाबाबतचा अंतिम निर्णय कॅप्टनचा, हे आंतरराष्ट्रीय नियमांतच आहे. मी मुंबईत एटीसीचा कंट्रोलर म्हणून रडारवर बसायचो. पावसाळ्यात ‘डावीकडे वळा’ म्हटलं की उत्तर यायचं, ‘अनेबल, ड्यू टू वेदर’, म्हणजे हवामानामुळे जमणार नाही. त्याचा राग कशाला यावा? समोरचा ढग त्याला दिसत असायचा, मला नाही. किती मैल बाजूला जायचंय ते विचारायचं आणि मागच्या विमानाचा वेग किंवा उंची बदलायची. मात्र नकार लगेच यायला हवा. लहरीखातर सूचना मोडली तर चौकशी होते, आणि ती व्हायलाच हवी.

एके ठिकाणी तर नकार सक्तीचा आहे. टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा ‘वर जा’ म्हणाली आणि कंट्रोलर ‘खाली या’ म्हणाला, तर यंत्रणेचं ऐकायचं. १ जुलै २००२ला जर्मनीत उबरलिंगेनजवळ तुपोलेव्ह या रशियन बनावटीच्या विमानाच्या वैमानिकांनी यंत्रणेऐवजी कंट्रोलरचं ऐकलं. दोन विमानांची टक्कर होऊन ७१ जण गेले.

पण मला जास्त भीती वाटते ती भिडेपोटी दिलेल्या होकाराची. २५ जानेवारी १९९०. कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेलं आव्हियांका या विमान कंपनीचं बोइंग ७०७ खराब हवेमुळे एकूण १ तास १७ मिनिटं घिरट्या घालत राहिलं. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला. इंधन संपत आल्याचं सहवैमानिकाने रेडिओवर सांगितलं, पण आणीबाणी जाहीर केली नाही. कंट्रोलरने विचारलं, साधारण १५ मैल लांब नेऊन परत आणतो, इंधनाच्या दृष्टीने चालेल ना? सहवैमानिक चालेल म्हणाला, वर आभारही मानले. थोड्याच वेळात इंजिनं बंद पडली. लाँग आयलंडवर विमान कोसळलं, ७३ माणसं मेली. तिथे ‘नाही, आणीबाणी आहे, आत्ताच उतरायचंय’ एवढं म्हटलं असतं तर त्या कंट्रोलरने सगळ्यांना बाजूला सारून वाट दिली असती. आम्ही त्यासाठीच बसलेले असतो.

सकारण नकार दिला म्हणून मुलीवर ठपका येणार नाही. सराव करतानाच तिने सवय लावून घ्यावी : काय जमत नाही ते आधी सांगायचं, आणि त्याच दमात, त्याऐवजी काय हवंय तेही.