बुद्धिबळात 1450 रेटिंगवाल्या (रेटिंग म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा) पोरानं 1850 वाल्याला हरवलं, हा नुसता फ्लूक का?

नाही हो. लातूरच्या स्पर्धेत तुमच्या पुतण्यानं पहिल्याच फेरीत रेटिंगमध्ये 400 पॉइंटनं वरचढ गडी लोळवला, याचं नवल वाटणारच, पण फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) तक्त्यात एवढ्या फरकालाही खालच्याचा डावातल्या एका गुणामागं अपेक्षित वाटा 0.08 धरलेला आहे. म्हणजे शंभर डावांत आठेक गुण, बरोबऱ्या धरून. स्विस पद्धतीत (यात हरला तरी कुणी बाद होत नाही) पहिल्या फेरीला रेटिंगप्रमाणे वरचा अर्धा गट खालच्या अर्ध्याशी भिडतो, म्हणून अशा जोड्या पडतातच.

शिवाय आपल्याकडची पोरं बऱ्याचदा आकड्यापेक्षा तगडी असतात, असं माझं मत. रेटिंग हलायला रेटेड, म्हणजे रेटिंगसाठी धरल्या जाणाऱ्या, स्पर्धा खेळाव्या लागतात. त्यासाठी बऱ्याचदा पुणं-मुंबई गाठायचं म्हणजे गाडीभाडं, राहणं, एंट्री फी. तोवर पोरगं मोबाइलवर खेळून खेळून पुढं गेलेलं असतं, आकडा तिथंच.

तुम्ही दिलेल्या चाली पाहिल्या. पांढऱ्यानं, म्हणजे 1850 वाल्यानं, बरोबरी नाकारली तिथंच घोळ झाला. ‘लहान पोराबरोबर कसली बरोबरी’ म्हणत वजीर बी7 या घरातलं प्यादं खायला गेला, हत्ती बी8 वर आला आणि वजिराला परतीची वाट उरली नाही. (सापळा पोरानं रचला होता की आपसूक झाला, ते त्यालाच विचारा!)

रेटिंगचं म्हणाल तर 18 वर्षांखालच्या, 2300 च्या आतल्या खेळाडूला के-फॅक्टर (रेटिंग किती हलेल ते ठरवणारा गुणक) 40 असतो. विजयाचा 1 गुण वजा अपेक्षित 0.08 म्हणजे 0.92, तेव्हा या एका विजयाचे 40 × 0.92 = 36.8 पॉइंट. पण स्पर्धेतल्या बाकीच्या डावांचा हिशोबही त्यात मिळवला जाईल. फिडेची नवी यादी दर महिन्याच्या 1 तारखेला येते.